डिझेलमध्ये तेल मिसळायचं, पण आणायचं कुठून?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं, तेव्हा मायलेजपासून जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांपर्यंत सगळ्यावर घराघरांत चर्चा झाली. डिझेलच्या बाबतीत मात्र अजून चाचपडणंच सुरू आहे. कुणी म्हणतं, आता डिझेलमध्येही इथेनॉल येणार. कुणाला वीस वर्षांपूर्वीच्या जट्रोफाच्या, म्हणजे मोगली एरंडाच्या तेलाच्या घोषणा आठवतात. कुणी महामार्गाच्या कडेला स्वस्तात मिळणाऱ्या 'बायोडिझेल'बद्दल विचारतं. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि त्या एकात एक मिसळल्यामुळेच बराचसा गोंधळ झाला आहे.

नाशिक जिल्ह्याला तर हा विषय टाळता येण्यासारखा नाही. द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर ओढणारा ट्रॅक्टर, लासलगाव-पिंपळगावहून कांदा भरून निघालेला ट्रक, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले जनरेटर, सगळे डिझेलवर चालतात. मनमाडजवळच्या पानेवाडीत सरकारी तेल कंपन्यांचे डेपो आहेत. तिथून टँकर सुटले नाहीत तर अनेक तालुक्यांतले पंप कोरडे पडतात. अशा जिल्ह्यात डिझेलमध्ये काय मिसळलं जाणार, हे प्रत्येकाला कळायला हवं.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल, म्हणजे वनस्पती तेलापासून किंवा चरबीपासून केलेलं इंधन, मिसळण्याचं उद्दिष्ट आहे. प्रत्यक्षात देशभरचं प्रमाण अजून १ टक्क्याच्याही खाली आहे. इथेनॉल २० टक्क्यांवर पोचलं आणि बायोडिझेल एकाच्याही खाली अडलं, असं का? बायोडिझेल बनवण्याची रीत शंभराहून जास्त वर्षं जुन्या रसायनशास्त्रावर उभी आहे, त्यात अवघड असं फार काही नाही. अडलंय ते कच्च्या मालापाशी, म्हणजे तेल कोणाच्या शेतातून, कोणाच्या जंगलातून किंवा कोणाच्या कढईतून आणायचं, इथे.

डिझेलमध्ये इथेनॉलच का नाही मिसळत?

साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात हा प्रश्न पहिल्यांदा येणारच. इथेनॉल पेट्रोलमध्ये सहज विरघळतं. डिझेलमध्ये नीट टिकत नाही, थोडं पाणी किंवा थंडी मिळाली की वेगळं होऊन बसतं. शिवाय डिझेल इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग नसतो. हवा जोरात दाबून तापवायची आणि तिच्यात इंधन फवारलं की ते आपोआप पेटायचं, असा सगळा कारभार. इथेनॉल असं दाबानं चटकन पेट घेत नाही. वनस्पती तेलापासून केलेलं बायोडिझेल मात्र घेतं, उलट साध्या डिझेलपेक्षा थोडं अधिक सहज घेतं.

इथेनॉलऐवजी त्याच्याच जातकुळीतलं आयसोब्युटेनॉल डिझेलमध्ये वापरता येईल का, याच्या चाचण्या सध्या सुरू आहेत. तो स्वतंत्र विषय आहे. त्याला बायोडिझेल म्हणत नाहीत.

मग तेल थेट टाकीत ओतलं तर?

ही कल्पना वेडगळ नाही. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग पिकतो, तिथेच त्यावर यंत्रं चालवता येतील का, हे फ्रेंच सरकारला बघायचं होतं. रुडॉल्फ डिझेल यांनी स्वतः पुढे या प्रयोगाबद्दल लिहिलं आहे.

पण तेव्हाची इंजिनं संथ आणि दणकट होती. आजच्या इंजिनात इंधन केसाएवढ्या बारीक छिद्रांतून प्रचंड दाबानं फवारलं जातं. खाण्याचं तेल डिझेलच्या साधारण दहापट घट्ट असतं. ते बारीक तुषारांत फुटत नाही, मोठे थेंब अर्धवट जळतात, नोझलवर काजळीचे थर चढतात आणि न जळलेलं तेल खाली उतरून इंजिन ऑइलचा चिकट लगदा करतं. काही तास इंजिन व्यवस्थित चालल्यासारखं वाटतं, म्हणूनच लोक फसतात. बिघाड नंतर येतो आणि तो महाग असतो. तेव्हा तेल पातळ करणं आलं, आणि नुसतं तापवून हे काम कायमचं होत नाही. त्यासाठी तेलाचा रेणूच फोडावा लागतो.

काडी, घड आणि कात्री

तेलाचा रेणू कसा असतो हे द्राक्षाच्या वेलीवर बघू. एका काडीला तीन लांबलचक घड लोंबताहेत अशी कल्पना करा. काडी म्हणजे ग्लिसरीन आणि घड म्हणजे मेदाम्लं. शेंगदाणा, सोयाबीन, पाम, करंज, मोह, अगदी जनावरांची चरबीसुद्धा, सगळ्यांची बांधणी हीच. फरक असतो तो घडांच्या लांबीत आणि वळणात. तीन घड एका काडीला अडकलेले असल्यामुळे रेणू बोजड होतो, एकमेकांत गुंततो, आणि म्हणून तेल घट्ट.

बायोडिझेल करताना हे तिन्ही घड काडीपासून सोडवायचे आणि प्रत्येकाला मिथेनॉलचा एकेक छोटा देठ लावायचा. मिथेनॉल हा सर्वांत लहान अल्कोहोल, पातळ आणि विषारी. घड सोडवणारी कात्री म्हणजे कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश. कात्री काम करते पण मालात जात नाही. अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. सुटे झालेले, देठ लावलेले घड म्हणजे बायोडिझेल. उरलेली काडी म्हणजे ग्लिसरीन, ते साबण आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यांना जातं.

हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. १०० किलो तेलाला साधारण ११ किलो मिथेनॉल लागतं आणि त्यातून जवळपास १०० किलो बायोडिझेल आणि १०-११ किलो ग्लिसरीन मिळतं. ही क्रिया उलटीही फिरू शकते, म्हणून प्रत्यक्षात मिथेनॉल दुप्पट घालतात आणि उरलेलं परत गोळा करतात. तापमान ६० अंशांच्या आसपास ठेवायचं, कारण ६५ अंशांना मिथेनॉल उकळायला लागतं. तासाभरात काम होतं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे बघण्यासारखं असतं. ढवळणं थांबवून मिश्रण चिंचोळ्या बुडाच्या काचेच्या भांड्यात ओतलं की सुरुवातीला सगळं गढूळ दिसतं. मग हळूहळू मधोमध एक रेघ उमटते. रेघेच्या वर मधाच्या रंगाचं पातळ बायोडिझेल, खाली काळपट तपकिरी, जड ग्लिसरीन. तोटी उघडली की ग्लिसरीन आळसावल्यासारखं खाली उतरतं. वर राहिलेलं कोमट पाण्यानं धुतात. पहिलं पाणी दुधाळ निघतं, कारण त्यात साबण, कॉस्टिक आणि उरलंसुरलं मिथेनॉल येतं. पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं आणि मग बायोडिझेल तापवून त्यातला पाण्याचा अंश घालवायचा. हे धुणं-वाळवणं कंटाळवाणं असतं, आणि हलक्या मालात नेमकं तेच गाळलेलं असतं.

मिथेनॉलऐवजी आपल्या उसाचं इथेनॉल वापरता येणार नाही का? येतं. पण क्रिया मंदावते, थर नीट वेगळे होत नाहीत आणि खर्च वाढतो. भारतात मिथेनॉल बहुतांशी आयात होतं, तेव्हा हा प्रश्न सोडून देण्यासारखा नाही, पण आज तरी कारखाने मिथेनॉललाच धरून आहेत.

तेल खराब असेल तर इंधनाऐवजी साबण

वर सांगितलेली रीत स्वच्छ, ताज्या तेलाची. तेल जुनं झालं, वारंवार तापलं किंवा बिया ओलसर जागी पडून राहिल्या, की काही घड आपणहून गळून पडतात. त्यांना सुटी मेदाम्लं म्हणतात. अशा तेलात कॉस्टिक घातला की तो या सुट्या आम्लांशी जुळतो आणि साबण तयार होतो. साबण दोन्ही थरांना एकत्र धरून ठेवतो, मधली रेघ उमटतच नाही आणि सगळा माल वाया जातो. तेलात पाणी असेल तरी हेच होतं.

म्हणून सुटी आम्लं एक-दोन टक्क्यांच्या वर गेली, की आधी सल्फ्युरिक आम्ल वापरून त्यांचं बायोडिझेल करून घेतात आणि मग उरलेल्या तेलावर कॉस्टिकची प्रक्रिया करतात. दोन टप्पे, जास्त यंत्रं, जास्त खर्च. मोहाच्या तेलात सुट्या आम्लांचं प्रमाण बरेचदा १५ ते २० टक्क्यांपर्यंत जातं, त्याला ही दुहेरी प्रक्रिया चुकत नाही. एन्झाइम वापरून एकाच टप्प्यात हे काम करणारे कारखानेही आहेत. साबण होत नाही, तापमान कमी लागतं, मात्र एन्झाइम महाग आणि वेळ जास्त.

जट्रोफाचं काय झालं?

२००३ च्या सुमारास देशात बायोडिझेल मोहिमेचा आराखडा तयार झाला. एक कोटी हेक्टरहून जास्त पडीक जमिनीवर जट्रोफा लावायचा आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळायचं, असा बेत होता. जट्रोफा म्हणजे आपला मोगली एरंड, बांधावर कुंपणाला लावतात तो. गुरं तोंड लावत नाहीत, पाणी न देता जगतो, बियांत तेल भरपूर. कागदावर याहून चांगलं झाड सापडणं कठीण होतं.

पण पाण्याशिवाय जगणं आणि पाण्याशिवाय भरपूर बी देणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुरमाड जमिनीत झाडं तगली, बी मात्र झाडामागे किलोभरही मिळेना. जिथे बी चांगलं आलं तिथे जमीन चांगली होती आणि पाणीही होतं, मग शेतकऱ्यानं तिथे मका किंवा टोमॅटो का लावू नये? बिया एकाच वेळी पिकत नाहीत, तोडणीची मजुरी वाढते. पेंड विषारी, गुरांना घालता येत नाही. शेंगदाण्याच्या घाण्याला पेंडीचा जो आधार असतो तो इथे नाही. आणि शाळकरी मुलांनी या बिया खाल्ल्यामुळे विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात आजही येतात. 'पडीक' म्हणून ज्या जमिनी धरल्या, त्यांतल्या कित्येक गावाच्या गायरानाच्या होत्या, हेही विसरू नये.

मोगली एरंडाचा दोष नाही. झाडाचा नीट अभ्यास होण्याआधीच त्याच्यावर उद्दिष्टं लादली गेली, आणि रोपं घेऊन लावणाऱ्यांची वर्षं फुकट गेली.

सोयाबीन, पाम, मोह, करंज, आणि द्राक्षाच्या बिया

अमेरिकेत आणि ब्राझीलमध्ये बायोडिझेल मुख्यतः सोयाबीनचं, युरोपात मोहरीच्या जातीच्या रेपसीडचं, इंडोनेशियात पामचं. इंडोनेशियानं २०२५ मध्ये डिझेलमध्ये ४० टक्के बायोडिझेलचं प्रमाण लागू केलं. पण पामच्या मळ्यांसाठी तिथली किती जंगलं गेली, हे जगानं पाहिलं आहे.

आपण सोयाबीन वापरायचं ठरवलं तर? येवला, निफाड, सिन्नर भागात सोयाबीन भरपूर. देशाची सरासरी हेक्टरी साधारण १० क्विंटल, त्यात तेल १८ टक्के, म्हणजे हेक्टरमागे १८० किलो तेल आणि सुमारे २०० लिटर बायोडिझेल. मध्यम ट्रॅक्टर कामाच्या तासाला ४-५ लिटर डिझेल पितो. अडीच एकराच्या अख्ख्या खरिपातून एका ट्रॅक्टरचं ४०-५० तासांचं इंधन. त्यात भारत आजही खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणतो. खायचं तेल आयात करायचं आणि घरचं तेल जाळायचं, याला काही अर्थ नाही. म्हणूनच आपल्या धोरणात अखाद्य आणि टाकाऊ तेलांवर भर आहे, आणि तो योग्य आहे.

अखाद्य म्हणून मोहाचं नाव नेहमी येतं. पण पेठ, सुरगाणा, हरसूलच्या पाड्यांवर जाऊन मोहाचं तेल अखाद्य म्हणून दाखवा! उन्हाळ्यात फुलं, पावसाच्या तोंडावर बिया, आणि त्या बियांचं तेल वर्षभर भाजीला, दिव्याला, अंगाला. कारखान्यासाठी या बिया उचलल्या तर त्या घरांना बाजारातून पामतेलाची पिशवी आणावी लागेल. शहरातल्या कागदावर जे 'जंगलातलं दुर्लक्षित तेलबी' असतं, ते तिथल्या बाईनं वाकून वेचलेलं असतं. तिच्या हाती चांगला भाव पडणार असेल आणि घरचं भागून उरत असेल, तर विचार करावा. त्याआधी नाही.

करंजाचं गणित यापेक्षा बरं आहे. तेल कडू, खाता येत नाही. झाड शेंगवर्गीय, जमिनीला नत्र देतं. पेंड खत म्हणून चालते. रस्त्याच्या आणि कालव्याच्या कडेनं झाडं लावली तर शेताची जागा जात नाही. पण करंज फळायला वर्षं लागतात आणि विखुरलेल्या झाडांखालून शेंगा गोळा करणं खर्चिक आहे. दहा टक्के मदत होईल, मुख्य भार तो उचलणार नाही, असं माझं मत.

नाशिकमध्ये वायनरी आहेत, तेव्हा द्राक्षाच्या चोथ्यातल्या बियांबद्दलही लोक विचारतात. या बियांत तेल असतं आणि त्याचं बायोडिझेल होतंही. पण तेच तेल स्वयंपाकाला आणि त्वचेच्या प्रसाधनांना इंधनापेक्षा कितीतरी जास्त भावानं विकलं जातं. ते जाळणं परवडणार नाही. शेवाळापासून तेल काढण्यावर जगात अब्जावधी खर्च झाले. शेवाळ वाढतं, पण पाण्यातून वेगळं करून वाळवण्यातच पैसा जातो, आणि एका बड्या अमेरिकन तेल कंपनीनं २०२३ पर्यंत त्यातून अंग काढून घेतलं.

कढईतलं काळं तेल

आता येऊ ज्याची जमीन नाही, पाणी नाही, पेरणी नाही अशा तेलाकडे. तळून उरलेलं तेल.

सकाळी कढईत ओतलेलं पामोलिन संध्याकाळपर्यंत कसं बदलतं ते कोणत्याही भजीच्या गाड्यावर दिसतं. रंग आधी लालसर, मग तपकिरी. कडेनं बारीक फेस धरतो आणि तो झाऱ्यानं सारला तरी जात नाही. धूर लवकर निघायला लागतो. तळाशी पिठाचे जळके कण बसतात. तेलातले घड तुटलेले असतात, काही हवेतल्या ऑक्सिजनशी जुळलेले, काही एकमेकांना चिकटलेले. या सगळ्या बिघडलेल्या पदार्थांना मिळून एकूण ध्रुवीय संयुगं म्हणतात. ती तेलाच्या २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, असा नियम भारतात १ जुलै २०१८ पासून आहे. हे मोजणारं थर्मामीटरसारखं उपकरण मिळतं. गरम तेलात बुडवलं की आकडा दाखवतं. रोज ५० लिटरहून जास्त तेल तळणाला लागणाऱ्या व्यावसायिकांनी वापराची नोंद ठेवायची आहे.

त्याच वर्षी अन्न सुरक्षा प्राधिकरणानं 'रुको' ही मोहीम सुरू केली. हॉटेलांकडचं वापरलेलं तेल नोंदणीकृत संकलकांनी उचलायचं आणि बायोडिझेलच्या कारखान्याला द्यायचं. २०१९ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी १०० शहरांसाठी असं बायोडिझेल विकत घेण्याची तयारी जाहीर केली, पहिल्या वर्षीचा दर ५१ रुपये लिटर. देशात वर्षाला २२० कोटी लिटर वापरलेलं तेल गोळा होऊ शकतं, असा प्राधिकरणाचा अंदाज होता.

मग अडलं कुठे? मोठं हॉटेल तेल काळं झालं की १५ किलोच्या डब्यात भरून विकतं. ते घेणारा बरेचदा बायोडिझेलवाला नसतो. ते तेल लहान गाड्यांकडे जातं, तिथे पुन्हा कढईत चढतं. गाडीवाल्याला नवं तेल परवडत नाही, त्याला हे निम्म्या भावात मिळतं, आणि म्हणून बायोडिझेलच्या कारखान्यापेक्षा तो जास्त पैसे देऊ शकतो. २०२१-२२ मध्ये पामतेलाचे भाव भडकले तेव्हा तर काळ्या तेलालाही मागणी वाढली आणि कारखाने कच्च्या मालाविना बसले. हे तेल पोटात जाणं रक्तवाहिन्यांसाठी आणि यकृतासाठी वाईट, याबद्दल डॉक्टरांमध्ये दुमत नाही. आणि ते खातो तो आपल्यातला सर्वांत स्वस्त वडा घेणारा माणूस. मला या सगळ्या विषयातली हीच गोष्ट सर्वांत जास्त टोचते. वापरलेलं तेल कारखान्यात नेण्याचा पहिला फायदा इंधनाचा नाही, ते कुणाच्या ताटात जात नाही हा आहे.

एवढ्यानं देशाची गरज भागेल का?

नाही. भारतात वर्षाला सुमारे ९ कोटी टन डिझेल लागतं. त्याचे ५ टक्के म्हणजे ४५ लाख टन, लिटरमध्ये ५०० कोटींच्या वर. २२० कोटी लिटर वापरलेलं तेल शेवटच्या थेंबापर्यंत गोळा केलं तरी निम्मी गरजही भागत नाही. उरलेलं तेल खाद्यतेल शुद्धीकरण कारखान्यांतला आम्लयुक्त गाळ, चरबी, करंजासारखी झाडं यांतून यावं लागेल. आजवर काही कारखान्यांनी आयात केलेलं पाम स्टिअरिन, म्हणजे पामतेलाचा घट्ट भाग, वापरलं आहे, पण मलेशिया-इंडोनेशियाचं तेल आणून डिझेलची आयात कमी केली म्हणणं मला पटत नाही.

शिवाय याच काळ्या तेलावर आता विमानांचाही डोळा आहे. उच्च दाबाखाली हायड्रोजन वापरून या तेलाचं विमान इंधन करता येतं. पानिपतच्या रिफायनरीला वापरलेल्या खाद्यतेलापासून असं इंधन बनवण्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र २०२५ मध्ये मिळालं. भारतातून जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय विमानांत २०२७ पासून १ टक्का, २०३० पर्यंत ५ टक्के असं उद्दिष्ट आहे. ट्रॅक्टर विजेवर चालू शकेल, लांब पल्ल्याचं विमान इतक्यात नाही, तेव्हा पुढे हे तेल तिकडे जास्त वळेल असं दिसतं. त्याच हायड्रोजनच्या पद्धतीनं हरित डिझेलही होतं. ते रासायनिकदृष्ट्या साध्या डिझेलसारखंच असतं आणि बायोडिझेलपेक्षा वेगळं.

इंजिन बिघडेल का? आणि निफाडच्या थंडीत?

आपल्या डिझेलच्या मानकात ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेलला मुभा आहे. तेवढ्या प्रमाणात, आणि माल प्रमाणित असेल तर, इंजिनात बदल करावा लागत नाही. बायोडिझेलमध्ये लिटरमागे ऊर्जा ८ टक्के कमी असते. ५ टक्के मिश्रणात मायलेजवरचा परिणाम अर्ध्या टक्क्याहूनही कमी, चालवणाऱ्याला जाणवणारही नाही. वंगणाचा गुण मात्र वाढतो, गंधक काढलेल्या आजच्या डिझेलमध्ये त्याची गरजच असते.

प्रमाण वाढलं की त्रास सुरू होतात. बायोडिझेल जुन्या टाकीतला गाळ सोडवतं आणि सुरुवातीला फिल्टर तुंबतात. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग फुगतात. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि महिनोन्महिने साठवलं तर खवट होऊन आम्लधर्मी होतं. हंगाम संपल्यावर सहा महिने उभा राहणारा ट्रॅक्टर किंवा जनरेटर शुद्ध बायोडिझेल भरून ठेवण्याची जागा नाही.

थंडीचा प्रश्न आपल्याकडे खरा आहे. आपलं बरंचसं तळणाचं तेल पामचं, आणि पामचं शुद्ध बायोडिझेल १३ ते १६ अंशांना गढूळ होऊन गोठायला लागतं. निफाडमध्ये डिसेंबर-जानेवारीत पारा ५ अंशांच्याही खाली जातो. पाच-सात टक्क्यांच्या मिश्रणात अडचण येत नाही. शुद्ध बायोडिझेल भरलेला ट्रॅक्टर मात्र पहाटे सुरू होणार नाही.

प्रदूषण खरंच कमी होतं?

धूर, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड कमी होतात, कारण बायोडिझेलच्या रेणूतच सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो. नायट्रोजनचे ऑक्साइड मात्र किंचित वाढतात. कार्बनचा हिशेब तेलावर ठरतो. झाडानं हवेतून घेतलेला कार्बन परत हवेत जातो, इथपर्यंत ठीक. पण सोयाबीनला खत लागतं, नांगरणीला डिझेल लागतं. मिथेनॉल नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून येतं, म्हणजे बायोडिझेलच्या नेहमीच्या रेणूतल्या १९ कार्बनपैकी एक खनिजच असतो. वापरलेल्या तेलावर शेतीचा बोजा दुसऱ्यांदा पडत नाही, म्हणून त्याचा ताळेबंद सगळ्यांत चांगला. जंगल तोडून लावलेल्या पामचा सगळ्यांत वाईट, कधी कधी साध्या डिझेलपेक्षाही वाईट.

महामार्गावरचं स्वस्त 'बायोडिझेल'

गेल्या काही वर्षांत गुजरात-महाराष्ट्राच्या महामार्गांवर बायोडिझेलच्या नावानं औद्योगिक तेलं, पातळ बेस ऑइल (वंगण बनवण्याचं मूळ तेल), केरोसीनसारखी मिश्रणं विकली गेल्याचे प्रकार अनेकदा उघडकीला आले. त्यात वनस्पती तेलाचा थेंबही नसतो. असं इंधन इंजेक्टर आणि पंप खातं, वॉरंटी जाते, आणि साठ्याला आग लागण्याचा धोका वेगळा. खरं शुद्ध बायोडिझेल १०० अंशांच्या खाली सहज पेट घेत नाही. या भेसळीमुळे प्रामाणिक कारखान्यांचंही नाव खराब होतं.

विक्रेत्याकडे नोंदणी हवी, माल आयएस १५६०७ या मानकाचा असल्याचा चाचणी अहवाल हवा, आणि पक्कं बिल हवं. यातलं एकही मिळत नसेल तर ट्रॅक्टर पुढच्या पंपावर न्यावा.

घरी करून बघायचं का?

नको. व्हिडिओत बादली आणि बाटल्यांनी सोपं दिसतं. मिथेनॉलची वाफ श्वासातून आणि त्वचेतूनही शरीरात जाते, डोळ्यांची नजर घालवते, आणि त्याची ज्योत उजेडात दिसत नाही. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत दारूत मिसळलेल्या मिथेनॉलनं शंभराच्या आसपास माणसं गेली. कॉस्टिकचा एक शिंतोडा डोळा जायला पुरे. शाळा-कॉलेजांनी हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली जरूर दाखवावा, घराच्या गच्चीवर मात्र नाही.

सिंहस्थाआधी करण्यासारखं

घरात उरतं ते तेल थोडं असतं. ते गार झाल्यावर गाळून बाटलीत भरावं, बेसिनमध्ये ओतू नये. पाइपात गोठतं, आणि गटारातून पुढे गोदावरीपर्यंत पोचतं. सोसायटीनं मिळून एक कॅन ठेवला तर संकलक यायला तयार होतो. त्याला एवढंच विचारायचं: नोंदणी आहे का, तेल कोणत्या कारखान्याला देता, आणि पावती देता का.

पण खरं प्रमाण व्यावसायिक तळणात आहे, आणि २०२७ चा सिंहस्थ नाशिकच्या तोंडावर आहे. तपोवनात आणि त्र्यंबकेश्वरला आखाड्यांचे भंडारे, अन्नछत्रं, रस्त्यावरचे स्टॉल, सगळीकडे पुऱ्या आणि भजी तळली जाणार. तेवढं तेल इतक्या लहान जागेत, इतक्या थोड्या दिवसांत एरवी कधीच साठत नाही. विखुरलेलं तेल गोळा करणं हाच या धंद्यातला मोठा खर्च, आणि इथे तो खर्च आपोआप कमी होतो. स्टॉलचा परवाना देतानाच तेल परत करण्याची अट घालावी, प्रत्येक मोठ्या स्वयंपाकघरामागे झाकणाचं पिंप ठेवावं, रोज रात्री ते उचलणारी गाडी ठरवावी, आणि गाडीवाल्याला काळ्या तेलाच्या बदल्यात नवं तेल सवलतीत द्यावं, म्हणजे जुनं पुन्हा कढईत चढवण्याचं कारण उरणार नाही. यासाठी नवं तंत्रज्ञान लागत नाही. परवान्यांचे अर्ज छापण्याआधी त्यात एक रकाना वाढवावा लागेल.